औट घटकेचा अध्यक्ष

ओडेन्सच्या कडेला, रुळांपलीकडे,
एकशे एकतीस हातभर बागा,
प्रत्येकीत एक लाकडी खोपटं, एक बटाट्याचा वाफा
आणि एक ठाम मत.

वाद कुंपणाच्या उंचीचा.
प्रेबेन म्हणे, दीड मीटरच्या वर नको.
शेजाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर कसली लोकशाही?
बोडिल म्हणे, ज्याचं त्याचं कुंपण,
आणि तुझं तोंड, प्रेबेन, आम्ही तीस वर्षं पाहिलंय.

अध्यक्ष निवडायचा होता. चिठ्ठ्या केळ्यांच्या खोक्यात.
इथे मताला स्टेम म्हणतात, आवाजालाही स्टेमच.
म्हणजे आवाज टाकायचा. घडी घालून. गुपचूप.
आपण मत टाकतो,
ते आपल्याला आहे की नाही याची खात्री नसली तरी.

गुनवोरबाई मोजत होत्या.
फळ्याशी स्वेर्कर, कुणाचासा जावई, स्वीडनचा,
अक्षर बरं म्हणून खडू त्याच्या हातात.
"बोडिल, हॅल्फ्येर्स."
स्वेर्करनं मनातल्या मनात फोड केली,
हॅल म्हणजे निम्मे, फीर्स म्हणजे ऐंशी,
आणि वळणदार लिहिले: चाळीस.
"प्रेबेन, एन-ओ-त्रेस."
एक आणि साठ. ते मात्र बरोबर. एकसष्ट.

टाळ्या. बिअरची झाकणं उडाली.
प्रेबेन खुर्चीवर चढून बोलू लागला, दीड मीटर, दीड मीटर,
आणि माझ्या मनात नको तो शब्द आला, तोही दीडनेच सुरू होणारा.

मी बाग क्रमांक अठ्ठेचाळीस, मेथीवाली.
हॅल्फ्येर्स म्हणजे सत्तर, एवढं मला पाठ होतं,
जसा कुलपाचा नंबर पाठ असतो.
का सत्तर, ते त्या दिवशी उकललं:
अर्धा-चौथा.
तीन पुरे, चौथा अर्धाच, गुणिले वीस.
अर्धा-चौथा म्हणजे, अगं बाई, औट!
एक औट औट, दोन औट सात,
वडिलांच्या फाटक्या उजळणीतलं शेवटचं पान,
आणि तळाशी, वीस औट सत्तर.

यांच्याकडे दीड अजून बाजारात जातो,
अडीच मेला, पण पन्नासाच्या पोटात पुरलेला आहे.
आपला अडीच ठणठणीत, बुद्धिबळाच्या घोड्यावर बसून फिरतो,
आणि औट उरला फक्त घटकेपुरता.

इकडे गुनवोरबाईंचा चष्मा नाकावर घसरला.
"एकसष्ट नि चाळीस एकशे एक.
मग तीस आवाज गेले कुठे?"
लोकांनी खरंच टेबलाखाली वाकून पाहिलं.

स्वेर्कर कानापर्यंत लाल.
आमच्याकडे सत्तर म्हणजे सात दहा, तो पुटपुटला.
कुणी ऐकून घेतलं नाही.

नंतर कप विसळताना मी गुनवोरबाईंना सांगितलं,
आमच्याकडे याला औट घटकेचं राज्य म्हणतात.
घटका चोवीस मिनिटांची, तर औट घटका चौऱ्याऐंशी.
त्यांनी घड्याळ पाहिलं.
प्रेबेनला एकोणीसच मिळाली होती, धड एक घटकाही नाही.
"एकोणीस तुमच्यात कसं म्हणता?"
वीस, पण एक उणा.
"आणि हसता आम्हाला," त्या म्हणाल्या,
आणि ओला फडका माझ्या खांद्यावर टाकला.

मग खिडकीतून बघत म्हणाल्या, "राइनर."
पाऊस पडतो, तेव्हा राइनर.
माणूस हिशेब करतो, तेव्हाही राइनर.
बाहेर पायरीवर प्रेबेन, डोक्यावर पिशवी,
बोटांवर काहीतरी पुन्हा पुन्हा मोजत.
कशाबद्दल म्हणाल्या, विचारलं नाही.

बोडिलचं कुंपण यंदाही कंबरेइतकंच आहे.
तिला वेळ नाही, अध्यक्ष आहे ती.
प्रेबेनचं मात्र वाढत गेलंय,
त्याची नुसती टोपीसुद्धा आता दिसत नाही.
परवा काठी लावून पाहिली मी.
अडीच मीटर.