टीच, वीत, हात

बर्नलीतल्या माझ्या गॅरेजात गाडी मावत नाही.
तिथे कमरेएवढा एक मनोरा उभा आहे:
सांडपाण्याच्या पांढऱ्या पाइपावर गुंडाळलेली तांब्याची तार,
डोक्यावर ड्रायरच्या ॲल्युमिनियम नळीची चुंबळ,
आणि कोपऱ्यात, बंद पडलेल्या चिप्सच्या दुकानाच्या
निऑन पाटीमागून काढलेला ट्रान्सफॉर्मर.
तो तापला की अजून व्हिनेगरचा वास येतो.

ऑक्टोबरात पहिली ठिणगी पडली. टीचभर.
जांभळी, किरटी,
मांजरीने नख काढून लगेच आत घ्यावं तशी.

मी हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करते.
तिथे ठिणगी पडली तर चौकशी बसते.
इथे पडत नाही म्हणून मी रात्री दोनपर्यंत बसते.

ट्रान्सफॉर्मर मोठा आण, असं सगळेच सांगतात.
पण मला तेवढ्याच विजेत लांब जायचं होतं.
पगारही तेवढाच आहे.

आधी जमीन शोधली.
परसात रुबार्बच्या मुळाशी तांब्याची सळई ठोकली,
चार फूट, तिरकी गेली, राहू दिली.
त्या रात्री ठिणगी वीतभर झाली.

मग तिने बाहेर जायचंच सोडलं.
स्वतःच्याच अंगावर चढू लागली,
वेढ्यावरून वेढ्यावर, खाजवल्यासारखी.
मनोरा खालच्या वेटोळ्याच्या फार जवळ होता.
दोन बोटं वर उचलायचा होता.
माझा पोळपाट गेला त्यात.
तेव्हापासून पोळ्या ओट्यावर लाटते.

शेजारची एड्ना हॅवर्थ आली ती भांडायला.
तिचा रेडिओ नऊनंतर नुसता खरखरतो म्हणाली.
वय चौऱ्याऐंशी, पायात घरातल्या सपाता.
मनोऱ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
"हे कुणी भरलं?"
मी म्हटलं, मी.
"वाटलंच."
पंधराव्या वर्षापासून गिरणीत ती सूत भरत होती.
मधला एक वेढा दुसऱ्यावर चढलेला
तिला दारातूनच दिसला.

दोन रविवार लागले.
तिच्या अंगठ्याला बनातीचा तुकडा, माझ्या हातात फिरवायचा दांडा.
अकराशे वेढे.
मी मोठ्याने मोजत होते, ती म्हणाली गप्प बस,
तार सैल पडली की आवाज बदलतो, तो ऐक.
मला आधी काही ऐकू आलं नाही.
चारशेच्या पुढे कुठेतरी आलं.

नवी चुंबळही मोठी घातली होती.
डोक्यावरचं ओझं वाढलं की चाल मंदावते,
मग खालच्यानेही तीच चाल धरायला हवी.
म्हणून तळातल्या नळीवरचा चिमटा
पाव वेढा बाहेर. पुन्हा पाव.

कळ दाबली. फटीत असा कडकडाट
की पत्र्याचं दार थरथरलं.
खडूच्या रेघेमागे आम्ही दोघी.
एड्ना काहीतरी बोलली. आवाज शून्य,
पण ओठ मोठे, प्रत्येक अक्षर चावून उघडलेलं,
आणि मला ते लख्ख कळलं.

इचलकरंजीत आमच्या घराला लागून चार माग होते.
मावशी कांड्या भरताना असंच बोलायची,
भूक लागली का, दार लाव, रडू नकोस,
सगळं नुसत्या ओठांनी.
मला वाटायचं मोठी माणसं अशीच बोलतात.
हे ओठ इंग्रजी होते. तोंड तेवढंच उघडलेलं.

"अजून थोडं बाहेर," म्हणत होती ती.

कळ बंद केली. प्लग काढला.
शंभर मोजले, यावेळी मनात.
चिमटा दोन बोटं सरकवला.

हातभर. वर चार बोटं.
पांढरी, फांद्या फुटलेली,
भिंतीवरच्या फावड्याकडे झेपावलेली,
आणि ओझोनचा तो वास, नव्या कोऱ्या पातळासारखा.
एड्नाने सपाता काढून त्यांनीच टाळी वाजवली.

तिचा रेडिओ माझ्याकडे आहे. तीन आठवडे झाले.
उघडून पाहिला, त्यात काही बिघडलेलं नाही.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.
रविवारी विचारायला येते.