बारदान वजा

महिन्याची पाच तारीख.
विवरणपत्र 'ब' आज जायला हवं, तीन प्रतींत:
आवक, निकाली, शिल्लक.
सप्टेंबरअखेर शिल्लक एक हजार सदतीस.
मगदूम साहेब चष्मा पुसत म्हणतात,
हारगे बाई, हजाराच्या आत आणा की.

शिल्लक म्हणजे मागच्या खोलीतल्या बरण्या,
मिठाच्या पाण्यात ठेवलेलं कुणाचं पोट, कुणाचं काळीज,
गळ्यात दोरा, दोऱ्यावर लाख,
जत, आटपाडी, विटा, तासगाव.
तासगावचं झाकण सैल केलं की
नाकाला आधी कळतं, द्राक्षावरचं औषध.
नाक पुराव्यात धरत नाहीत.

एका प्रकरणात हातभट्टीची एकच बाटली,
चहाच्या आत निकाली.
दुसऱ्यात त्रेचाळीस मुद्देमाल:
कोयता, चादर, डाव्या पायातली चप्पल,
रक्ताची माती, आणि तिच्याच शेजारची साधी माती,
कागदाच्या पुडीत बांगड्यांचे तुकडे.
रकान्यात हेही एक, तेही एक.

आणि जतच्या कोर्टात साक्षीला गेले तो मंगळवार?
सातची एसटी, दिवसभर बाकडं,
साडेचारला पुकारा, पुढची तारीख.
तो कशात लिहू?

आमचे दादा मार्केट यार्डात तोलार होते.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं की
आकड्यामागोमाग पुटपुटायचे, बारदान वजा.
माल तेवढा धरायचा,
ज्यातनं माल आला ते सोडून द्यायचं.
घरी यायचे कोपरापर्यंत पिवळे.
आई म्हणायची, ही हळद कुणाच्या खात्यात?

ऑगस्टमध्ये मुख्यालयातून एक पोरगा आला,
शार्दूल बिडवे, कार्यभार मापन.
हातात स्टॉपवॉच, मांडीवर तक्ता.
मॅडम, तुम्ही नेहमीसारखं करा, म्हणाला,
आणि मी अख्खा दिवस नेहमीसारखं
करता करता दोन परीक्षानळ्या फोडल्या.
कापणं, गाळणं, आटवणं, सगळं टिपलं त्यानं.
पट्टीवर द्रावण हळूहळू चढत होतं,
आम्ही दोघं बघत बसलो.
वाट बघणं धरायचं का हो? त्यानं विचारलं.
माझ्याकडे नव्हतं उत्तर.

तेवढ्यात फोन.
सोमवार होता, म्हणजे कवलापूरचे भरमू आडमुठे.
नाव विचारावं लागत नाही,
आधी खोकतात.
बाई, लागला का निक्काल?
नाही मामा, अजून नंबर यायचाय.
न्हाई, गावात म्हणत्यात तिनंच घेतलं.
घेतलं का दिलं, एवढं सांगा.
शार्दूलनं स्टॉपवॉच थांबवलं, टक्.
बरोबरच आहे, तक्त्यात हे काम नाही.
मामांना कसं सांगू, आमचं यंत्र
इतकंच बोलतं: होतं, किंवा नव्हतं.
घेतलं की दिलं, ते त्याला दिसत नाही.
मी म्हटलं, जेवलात का?
ते म्हणाले, सुनेनं भाकरी ठेवलीया.
मग दोघांनीही फोन धरून ठेवला थोडा वेळ.

शार्दूल पाच वाजता गेला.
जाताना म्हणाला, दर सोमवारी येतो का हा फोन?
व्हय, म्हटलं मी, एकदम मामांसारखं.

काल त्याचा अहवाल आला, गुळगुळीत कागदावर.
विषबाधेचं प्रकरण, प्रमाणित वेळ:
चार तास वीस मिनिटं.
सोमवार नाही त्यात, जत नाही,
फुटलेल्या नळ्यासुद्धा नाहीत, उपकार.
पण कच्चा तक्ता जोडलाय मागे,
त्याच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं:
इतर, ११ मि.
स्टॉपवॉच तर बंद होतं.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं असणार त्यानं.

विवरणपत्र भरलं. एक हजार सदतीस.
साहेबांची सही घेतली, शिक्का मारला,
मग मागच्या खोलीत गेले.
कवलापूरची बरणी तीनशे बारावी आहे,
फेब्रुवारीच्या आत नंबर नाही.
आतापर्यंत रांग कधी मोडली नव्हती मी.
बरणी पुढे ओढली, बोटांना मीठ लागलं,
लाखेचं सील जपून बघितलं, शाबूत आहे.
पंचनाम्याची प्रत काढली,
दिवा लावला.