फक्की

मैदान माझ्याआधी कुणाचंच नसतं.
पहाटे पाचला मफलर कानांवरून गुंडाळून
मी चुन्याची गोणी फोडतो,
डालड्याच्या डब्याची भोकं खिळ्याने मोकळी करतो
आणि सुतळीच्या कडेकडेने चालू लागतो.
आठपर्यंत त्या पडीक तुकड्याला
आत येतं, बाहेर येतं,
चुकायची सोय होते.

मग शाळा यायला लागतात.
अडावदची एस.टी.तून, निळ्या टी-शर्टात,
पाठीवर कुठल्याशा कृषी केंद्राचा मोबाइल नंबर.
लासूरची ट्रॅक्टरवर; कालच कापूस वाहिलेली ट्रॉली,
पोरांच्या केसांत अजून तिची रुई.
चहार्डीच्या पोरी सायकलींवर, डबलसीट,
कशावर तरी हसत, सांगत मात्र नाहीत.
धानोऱ्याच्या सरांनी घडभर केळी आणलेली,
मोजून देतात. एक जास्त मागितली तर म्हणतात, जिंक आधी.
वैजापूरची आश्रमशाळा सगळ्यांच्या शेवटी,
कारण त्यांची गाडी सातपुड्यातून उतरते
आणि सातपुडा कुणाच्या वेळापत्रकात बसत नाही.

चौदा शाळा. पंधरावीचं नाव यादीत आहे,
तिथला पट यंदा नऊवर आला.
त्यांचे सर तरी आलेत, एकटेच.
त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलंय.

माईकवर आमचे दुसाने सर. मराठीचे.
आमच्या भागात ळ टिकत नाही,
तापीच्या पाण्यात विरघळतो की काय कोण जाणे.
शाळेची शाया होते, केळीची केयी, खेळाचा खेय.
सर तीस वर्षं एकटे त्याच्यासाठी भांडताहेत.
एकदा एका पोराला फळ्यावर शंभर ळ काढायला लावले.
त्याने काढले, मोत्यांसारखे,
आणि हात झटकत म्हणाला,
सर, फया भरी गया.

दुपारी मुलींची रिले.
बॅटन म्हणजे ठिबकच्या पाइपचा वीतभर तुकडा,
सकाळीच लाल रंगवलेला, वाळायला वेळ मिळाला नाही.
तिसऱ्या वळणापर्यंत पाच जणींचे पंजे लाल.
शेवटच्या शंभराला आमच्या शाळेची कोमल बडगुजर
आणि वैजापूरची सुरमी बारेला,
खांद्याला खांदा, मध्ये माझी रेघ.
सर शुद्ध आवाजात सांगत होते,
"प्रेक्षकांनी कृपया पांढऱ्या रेषेच्या मागे..."
आणि मग माईकमधून, भोंग्यांमधून, साऱ्या चोपड्यावर:
"पय वं माय! पय! पय!"

कुणाला, ते कळलं नाही.
कोमलला वाटलं तिला, सुरमीला वाटलं तिला.
मागून येणारी धानोऱ्याचीही, तिसरी,
वेड लागल्यासारखी सुटली.
मांडव क्षणभर गप्प झाला,
मग चौदा गावं एकाच तोंडाने ओरडली.
निकाल तुम्ही कुणालाही विचारा,
गाव बदललं की निकाल बदलतो.
स्टॉपवॉचवाले सर बटण दाबायचंच विसरले होते.

संध्याकाळी ट्रॉल्या गेल्या, सायकली गेल्या.
रेघांचं पीठ झालं होतं,
थोडं तळव्यांना लागून गावोगाव गेलं,
उरलेलं मी खराट्याने लोटत होतो.
दुसाने सर माईकची वायर गुंडाळत जवळ आले.
गुंडाळलेली पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.
"यादव, मघाशी मी... नेमकं काय ओरडलो?"

मी खराटा थांबवला.
"पळ म्हणालात, सर."

ळ जिभेला जड गेला.
काठोकाठ भरलेली बादली न्यावी
तसा नेला,
सांडू दिला नाही.