वजावट

अडावदला मला मोजणीवाली म्हणतात.
पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा सातबारा घेऊन आला,
बांध सरकलाय, बघून द्या म्हणाला.
बाबा, मी जमीन मोजत नाही,
जमिनीवर उभं राहतं ते मोजते,
आणि जमिनीखाली जातं ते, बुजवण्याआधी.
त्याने सातबारा घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.
"मग काय उपयोग," म्हणाला,
आणि चहा पिऊन गेला.

काम वसतिगृहाचं. मुलींचं, दोन मजली.
टेपचं एक टोक माझ्याकडे, एक सुपडूकडे.
त्याच्या आधीची तीन भावंडं गेली
म्हणून जन्मताच याला सुपात घातलं.
नाव पडलं, पोर टिकलं.
आता तो शून्य धरतो.
त्याचा हात हलला
की माझ्या वहीत भिंत हलते.

मे महिन्यात पोलादी टेप तापते,
तीस मीटरला आठ मिलिमीटर वाढते,
आणि वाढलेल्या टेपला भिंत आखूड दिसते.
म्हणून आम्ही सकाळी सातला मोजतो.
"ऊन टेपलेच लागस का ताई? माले नही?"
दरसूची चाळली. दोघांचाही दर नाही.

वीटकाम आधी अख्खं मोजायचं,
मग दारं वजा, खिडक्या वजा.
विताएवढं भोक मात्र सोडून द्यायचं,
तेवढी पोकळी माफ.
गवंड्याला त्या भोकाचेही पैसे मिळतात.
हा नियम कुणी लिहिला ठाऊक नाही,
पण त्याने कधीतरी
पाइपाभोवती वीट तासणारा माणूस
जवळ बसून पाहिला असणार.

चौथ्या बिलाला हिलालआण्णा आले,
सोबत शेवभाजीचा डबा.
"पाया एक ऐंशी लिहा."
वहीत एक वीस आहे, आण्णा.
"आता कोण उकरणार? वर प्लिंथ झाली.
काळ्या मातीला काय तोंड असतं?"
नसतं. ती पावसात फुगते, उन्हात फाटते,
तिची साक्ष कुठेच चालत नाही.
मी फोनमधला फोटो काढला:
खड्ड्यात सुपडू, हातात स्टाफ,
कडेच्या वर खांदे, डोकं, लाल टॉवेल.
तो मागेच उभा होता. कुणी विचारलं नव्हतं.
"मी उतरेल व्हतू आण्णा. मन्ही छातीलोंग व्हतं."
आण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
एक ऐंशीच्या खड्ड्यात
सुपडू टॉवेलसकट बुडाला असता.

बिल एक वीसनेच गेलं.
डबा राहिला, तो आम्ही दोघांनी संपवला,
तिखट होता. त्याची नोंद नाही.

सोमवारी हजेरीपटावर सुपडूच्या नावावर रेघ.
मी विचारलं, मुकादम म्हणाला, माणसं जास्त झाली.
बिलातला आकडा मला खोडता येतो,
हजेरीपट माझ्याकडे नसतो.
टोक आता दुसराच पोरगा धरतो,
फोन वाजला की सोडून देतो.

बुधवारी संध्याकाळी सुपडू खोलीवर आला.
"आते टाइम शे, घर बांधी लेस."
सिमेंटच्या गोणीच्या कागदावर
त्याने पेन्सिलीने चौकोन काढला होता, दहा बाय बारा,
रेषा सरळ, कोपरे काटकोनात.
कितलं लागी?
मी मांडत गेले: मुरूम, वाळू, विटा,
पत्रे बाराचे की दहाचे, दरवाजा एक.
तो माझ्या बोटाकडे बघत होता.
"खिडकी मोठी कर ताई. तितल्या ईटा कमी लागतीन."
मला हसू आलं. इतके दिवस शून्य धरून
वजावट शिकला होता.
सांगितलं, तसं नसतं रे,
लिंटेल वाढतं, सळई वाढते, वर ग्रिल,
खिडकी विटेपेक्षा महाग पडते.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला.
बाहेर केळीचा ट्रक रावेरकडे गेला असावा,
खोलीभर धूळ.

"तरी मोठीच लिख."

लिहिली. चार बाय चार.
वजा.