काचेवरचं बोट

अण्णा एकतीस वर्षं नोटा बघत होते,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तपासणी खात्यात.
एकही त्यांची नव्हती.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी
लग्नपत्रिका आली की आधी कडेवरून अंगठा फिरवतात,
मग नाव वाचतात.

मी त्यांच्यापुढे मोबाईल धरला:
गरुडाचं कार्ड, पहिल्या छपाईचं, चकाकी शाबूत.
अठरा हजार.
विकणारा म्हणतोय, रात्री बारापर्यंत टाका पैसे,
दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

अण्णांनी बोट फिरवलं. फोटो सरकला,
मागून मावसबहिणीकडचं बारसं निघालं.
"काच आहे ही," ते म्हणाले,
"बोटाला सगळं सारखंच लागतं.
त्याला सांग, मागून बॅटरी धर.
कड दाखव.
आणि शेजारी आजचा पेपर ठेव, तारीख दिसू दे."

सांगितलं.
पलीकडे तीन टिंबं नाचली, थांबली, परत नाचली.
दादा, विश्वास नाही का?

"विश्वास?" अण्णा चष्मा पुसत होते.
"प्रेसच्या गेटवर रोज संध्याकाळी
माझा डबा उघडून बघायचे.
मला नाही कधी राग आला."

सव्वाबाराला ते खातंच नाहीसं झालं,
गरुडासकट.
पैसे माझ्याकडेच होते. तरी काही गेल्यासारखा
मी जेलरोडच्या दिव्यांकडे बघत बसलो.

सकाळी चहा गाळताना
अण्णा हळूच म्हणाले,
"पण खरं असेल ना रे ते,
कुणाकडे तरी?"