विलंबाचे कारण, क्रमांक सतरा

आमच्या परिवहन खात्याकडे आता एकही बस नाही.
बस एका कंपनीच्या, त्या धुणारे दुसरीचे,
थांब्यावरचा बर्फ तिसरी काढते,
म्हणजे करारात तसं लिहिलंय.
आमच्याकडे उरला चौथा मजला,
कॉफीचं यंत्र, तेही भाड्याचं,
आणि मी, हिलेवी ओस्ट्रम,
बोरोस शहराचे उशीर मोजणारी.

तीन मिनिटांच्या वर गेलं की कंपनीला दंड.
ड्रायव्हरने पडद्यावर कारण दाबायचं,
बावीस कारणांची यादी आहे:
बर्फ, वाहतूक, दार अडकलं, चाकाची खुर्ची...
सतरावं: रस्त्यावर एल्क.
एल्कला दंड नाही.
जनावराने कुठे सही केलीय?

नेदिम छत्तीस नंबरवर एकवीस वर्षं.
पहिला गणवेश निळा, आमचा.
मग हिरवा, मग राखाडी, आता जांभळा.
दर निविदेनंतर
त्याच स्टिअरिंगसाठी नव्याने अर्ज,
त्याच रस्त्याची नव्याने परीक्षा.
एकदा तर नापासही झाला होता म्हणे.

तर या नेदिमच्या बसला
दर मंगळवारी, नऊ बाराला,
जुन्या गिरणीच्या थांब्यावर एल्क.
अकरा मंगळवार.
आकडे तपासणाऱ्या कंपनीने अहवाल दिला:
वन्यप्राण्यांचा नियमित वावर, कुंपण सुचवतो.
कुंपणाआधी पाहणी, पाहणीची निविदा,
आणि निविदेआधी माझा शेरा.

बाराव्या मंगळवारी मीच जाऊन बसले,
मागून तिसऱ्या सीटवर.
गिरणीपाशी बस थांबली. दार उघडं.
गार वारा आत. कुणीतरी च्यक् केलं.
चढावर बर्फ तसाच, कुणी काढलेला नव्हता,
आणि त्यातून वॉकर ढकलत एक म्हातारी,
चार पावलं, मग उभी.
चार पावलं, मग उभी.
हँडलला डब्याची पिशवी.
नेदिम आरशात बघत नव्हता, घड्याळातही नाही.
काचेवरचा एक डाग पुसत बसला होता
जो पुसून केव्हाच गेला होता.
ती आत आली, बूट आपटले.
त्याने सतरा दाबलं.

चौथ्या मजल्यावर फॉर्म उघडा आहे.
प्राणी प्रत्यक्ष पाहिला का?
होय.
वर्णन?
मादी. वयस्कर. चढावर दमते.
शिफारस?
कुंपण नको.
थांबावं.