गुडघ्याला बाशिंग

माझ्या टेबलावर त्याचे पाय मावत नाहीत.
पोटऱ्यांपासून पुढचे हवेतच राहतात,
म्हणून मी पलीकडे खुर्ची लावते, वर जुना टॉवेल.
सहा फूट नऊ इंच. टेव्हिन ओगलट्री.
मूळ गाव पाइन ब्लफ, आर्कान्सा,
सध्या संडरलँड, मे महिन्यापर्यंत.

"मे महिन्यापर्यंत" हे तो पत्त्याचा भाग असल्यासारखं सांगतो.

फिनलंडमध्ये ह्याला पोल्वी म्हणतात, तो म्हणाला.
माझा अंगठा त्याच्या उजव्या गुडघ्यावर होता.
स्लोव्हाकियात कोलेनो. तिथला क्लब जानेवारीत बुडाला,
मालकाने पगाराऐवजी दोन टीव्ही दिले,
एक त्याने शेजारणीला दिला, एक भिंतीवरच राहिला.
सायप्रसला गोनातो. तीन महिन्यांचे पैसे अजून यायचेत.
माँटेव्हिडिओत रोदीशा: तिथे रविवारी
अख्खी गल्ली मांस भाजायची
आणि ह्याला हाका मारायची, चुकीच्या नावाने.
बारा वर्षं.
प्रत्येक भाषेत त्याला 'दुखतंय' आणि 'नाही दुखत' येतं.
दुसरं जास्त वापरलंय.

तुझ्या भाषेत काय?
गुडघा.
तीनदा प्रयत्न केला त्याने. तो घ
दरवेळी चौकटीला डोकं आपटून परत.

मग टेप कापता कापता मी सांगितलं,
लग्नाची फार घाई झालेल्याला आमच्याकडे म्हणतात,
ह्याने गुडघ्याला बाशिंग बांधलंय.
बाशिंग म्हणजे नवऱ्याच्या कपाळावरचं, चमचमतं,
पण ह्याला कपाळापर्यंत हात न्यायचाही धीर नाही.
तो इतका हसला की बर्फाची पिशवी घसरली.
आणि निळी टेप गोल फिरताना बघत म्हणाला,
बांध. घट्ट बांध.

मंगळवारी एमआरआय आला.
कूर्चा उरलेली नाही. हाडावर हाड.
रिपोर्ट मॅनेजरला पाठवायचा, हे माझं काम.
माझा व्हिसाही क्लबच्याच पत्रावर, हेही मला पाठ.
आणि शनिवारी त्याची मुलगी यायची होती,
जॉनेल, नऊ वर्षांची, गळ्यात विमान कंपनीचं कार्ड,
लिटल रॉक, शिकागो, लंडन, न्यूकॅसल.
तिने बापाला खेळताना फोनवरच पाहिलंय,
अंगठ्याएवढा.

तो काहीच म्हणाला नाही.
पाय फक्त खुर्चीवर ठेवला, उजवा.

मी शुक्रवारी पाठवला. सहा वाजता.
आमचा मॅनेजर पाचनंतर मेल उघडत नाही.
हे कुणाला सांगितलेलं नाही मी, इथे लिहिते.

रविवार. स्पोर्ट्स सेंटरचा हॉल, चारशे माणसं,
त्यातली निम्मी शाळेची पोरं,
आणि जहाजबांधणीतले ते आजोबा, जे डब्यातून
उकडलेली अंडी आणतात आणि चौतिशीच्या ह्या माणसाला
"आमचं पोरगं" म्हणतात.
मूर्खाची अक्कल गुडघ्यात, असं आपण म्हणतो.
पण ह्याचं खरंच तसं आहे: चेंडू रिंगवर आपटायच्या आत,
डोळ्यांच्या आधी
गुडघ्याला कळतं तो कुठे पडणार.
उजवा वाकला. मी श्वास धरला.
उजवा सरळ झाला.

अकरा मिनिटं खेळला. नऊ गुण.
जॉनेल बराच वेळ आजोबांचं अंडं सोलणं बघत होती,
पण त्या एका उडीला ती खुर्चीवर उभी राहिली
आणि मग मागच्या लोकांना दिसेना.

आठला हॉल बॅडमिंटनवाल्यांचा. ते नेट बांधायला लागले,
हा खुर्च्या घडी करायला. तिने बोट लावलं
निळ्या पट्टीला, हे काय?
बाशिंग, तो म्हणाला. हा शब्द मात्र
त्याला पहिल्याच फटक्यात जमला.

मी म्हटलं, चल, सोडते, रक्त अडेल.
उद्या, म्हणाला.
उद्या सोमवार होता.